दाजी काही हद्दीत येईनात

"ह्या टायमाला झाली म्हणून समजा!" म्हणत मेंबरनं पेपर कट्ट्यावर आपटला.

काय झाली, हे कुणी विचारलं नाही. शहरातला टोल गेला, पाण्याची थेट पाईपलाईन आली, हायकोर्टाचं सर्किट बेंचही आलं. आमच्या कोल्हापुरात व्हायची राहिलेली आता एकच, हद्दवाढ; आसपासची गावं महापालिकेत घ्यायची ती. ती पेपरात आली की दुसऱ्या दिवशी आसपासची गावं बंद, तिसऱ्या दिवशी शहरातली कृती समिती रस्त्यावर, चौथ्या दिवशी पुढारी मुंबईत. आणि पुढच्या मुहूर्ताला दोन्हीकडचे एकाच लग्नात एका पंगतीला.

मेंबर म्हणजे निवडून आलेला मेंबर नव्हे. एकदा उभा राहिला होता, तेवढ्यावर नाव पडलं ते पडलंच. पाडला आमच्याच गल्लीनं. हे त्याला माहीत आहे, आम्हाला माहीत आहे, आणि कुणी बोलत नाही. मात्र तेव्हापासून त्याला साधं 'चहा सांग' म्हणता येत नाही. 'चहाचा प्रश्न बरेच दिवस प्रलंबित आहे' असं म्हणतो.

समोर दाजी बसले होते. दाजी हद्दीबाहेरच्या पाचगावचे, बायको आमच्या गल्लीतली. त्यामुळं ते सगळ्या पेठेचेच दाजी. म्हातारेही दाजी म्हणतात, शाळेतली पोरंही. संध्याकाळचा दुधाचा रतीब घालून रिकाम्या किटल्या गाडीला अडकवायच्या आणि कट्ट्यावर टेकायचं, हा त्यांचा नेम. बोलतात कमी, पण बोलले की समोरचा उठून पान आणायला जातो.

"वाच की बातमी," दाजी म्हणाले.

मेंबर उभाच राहिला. "१९७२ साली म्हापालिका झाली. हद्द किती? ६६.८२ चौरस किलोमीटर. आज हद्द किती? ६६.८२! पन्नास वर्षांत एक इंच वाढ नाही. महाराष्ट्राच्या पाठीवर असं दुसरं शहर मला दाखवा!"

"पन्नास वर्षांत हाय तेवढं ६६ नीट केलं असतं," दाजी म्हणाले, "तर आमी आपणहून हलगी लावून आत आलो असतो."

"दाजी, भावनेचा मुद्दा नाही हा. निधीचा आहे. २०११ च्या जनगणनेला शहर साडेपाच लाखांचं. दिल्लीचा निधी लोकसंख्येवर येतो. हद्द वाढली की लोकसंख्या वाढली, लोकसंख्या वाढली की निधी वाढला."

"म्हंजे तुला माणसं नकोत. डोकी पायजेत."

पिंट्या हसला. पिंट्या हिंजवडीला असतो, शनिवार-रविवार कोल्हापुरात. इथं आला की पुण्याचं सांगतो आणि तिथं गेल्यावर कोल्हापूरचं सांगत असणार. तिथली मिसळ गोड लागते म्हणून रडतो आणि इथं रस्सा वाढला की नाक पुसत "दही आहे का" विचारतो.

"मेंबरांचं बरोबर आहे पण," पिंट्या म्हणाला. "पुण्यानं बघा. २०१७ ला ११ गावं घेतली, २०२१ ला आणखी २३. झाली की नाही? सिटी म्हणून ग्रोथ व्हायची तर पेरिफेरी घ्यावीच लागते."

"तू ऱ्हातोस कुटं पुण्यात?"

"वाघोली."

"ती कवा घेतली आत?"

"त्याच... २३ मधली."

"मग पाणी चांगलं येत आसंल आता."

पिंट्यानं मोबाईल काढला.

"का रं? बोल की. नळाला येतंय का टँकरनं?"

"सोसायटीचा टँकर आहे," पिंट्या हळूच म्हणाला, आणि पुढची दहा मिनिटं पुणं शहर आमच्या कट्ट्यावरून गायब झालं.

इथं थोडं जागेचं सांगायला पाहिजे. आमचा कट्टा गांधी मैदानाच्या कडेला. मूळ नाव वरुणतीर्थ. आषाढात चांगला पाऊस लागला की मैदान आपलं मूळ नाव आठवतं आणि गोलपोस्टाचे नुसते दांडे पाण्यावर राहतात. त्या दिवशी तसंच झालं होतं. शेडच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि दर पाच मिनिटांनी कुणीतरी मोबाईल बघून आकडा सांगत होतं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी कोल्हापूरकराला स्वतःच्या रक्तदाबापेक्षा जास्त पाठ असते. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. राधानगरी धरणाचं एक स्वयंचलित दार उघडलं की १४२८ क्युसेक. सातवी नापास माणूसही 'चार दारं उघडली' ऐकून मनातल्या मनात गुणाकार करतो.

"अडतीस झालं," कुणीतरी म्हणालं.

सरांनी घसा साफ केला. सर भूगोलाचे, निवृत्त. त्यांचं दुर्दैव असं की कट्ट्यावर एकट्यालाच विषय माहीत असतो, म्हणून त्यांना कुणी बोलू देत नाही. "मुळात शहर कुठं संपतं हे ठरवायला आधी..."

"सर, शहर गंगावेशीत संपतंय," गल्लीतले आबा म्हणाले. "पुढं नदी. नदीपल्याड चिखली, आंबेवाडी. तिकडची माणसं गंगावेशीत दूध घेऊन येतात म्हणून आपण त्यांना ओळखतो."

"काय आबा, ते झालं पश्चिमेचं. उत्तरेला कसबा बावडा..."

"बावडा बावड्यात हाय. त्यांना इचार, 'कुठनं आलासा' म्हणून. कोल्हापूर म्हणत न्हाईत, बावडा म्हणतात."

"माझं कोल्हापूर पंचगंगेच्या पुलावर सुरू होतं," पिंट्या परत आला. "किणीचा टोल गेला की झोप उडते. शिरोलीचा पूल आला की घरी फोन करतो, भाकरी टाक म्हणून."

"आणि तावडे हॉटेलला वळालास की?"

"तिथं काय?"

"तिथली जागा गावाची का म्हापालिकेची, ह्यावर वकिलांची पोरं शिकून मोठी झाली. तू वळतोस तेवढा वेळ तुला कुठल्या हद्दीत हाय ते कळत न्हाई."

मेंबरनं टेबल समजून कट्ट्यावर हात आपटला. "हेच! हेच मी म्हणालोय! एकदा सगळं आत घेतलं की वाद मिटला. उचगाव, पाचगाव, कळंबा, मोरेवाडी... अरे ही गावं राहिलीतच कुठं? आर. के. नगरात गाव दिसतंय काय तुम्हाला? तिथला माणूस सकाळी शहरात कामाला, पोरगं शहरात शाळेला, म्हातारी सीपीआर दवाखान्याला, आणि घरफाळा तेवढा ग्रामपंचायतीला! सुविधा आमच्या वापरायच्या आणि..."

"कंच्या सुविधा?" दाजींनी किटलीचं झाकण उगाच काढून परत लावलं. "केएमटीची बस म्हण. बाकी बोलू नगंस."

"तर केएमटीच! बंद करा त्यांची केएमटी, मग बघा कसे येतात."

"कर बंद. मग बसणार कोण हाय तुझ्या केएमटीत? पेठंतला माणूस मिरजकर तिकटीपासनं महाद्वार रोडला जायला बुलेट भाईर काढतोय. तिकीट काढून बसतोय तो आमचाच. आमी उतारलो तर ड्रायवर न् कंडक्टर दोघंच फिरत्याल रंकाळ्याला."

इथं मला स्वतःला हसू आवरलं नाही. मेंबरनं माझ्याकडं असं बघितलं की मी पेठेचा गद्दार. असेन. शिवाजी पेठेत जन्मून दाजींच्या बाजूला बसायला धाडस लागतं.

"ते २०१७ चं सांगा त्याला," आबांनी काडी लावली.

"तेच तर," दाजी म्हणाले. "सरकार म्हणालं, हद्दवाढ नको म्हणालासा, बरं, मग प्राधिकरण घ्या. ४२ गावं घातली. आमास्नी वाटलं कायतरी मिळालं. आता पोराला शेतात दोन खोल्या बांधायच्या झाल्या तर परवान्याला गावाभाईर पळायचं. आन् तुमी म्हणतासा त्यावर आणि एक पायरी चढा. शेतावर तुमचं आरक्षण पडणार. बागंचं. बाग! ज्या रानात ऊस हाय तितं तुमी बाग करणार, आन् शेरातली माणसं तितं चालायला येणार. चालू द्या की आत्ता. बांधावरनं चाला. कुणी अडवलंय?"

"विकासाला विरोध करायचाच म्हटलं तर..."

"मेंबर, विकास नंतर. तू ते फायनलचं सांग आधी," आबा म्हणाले.

"आबा, त्याचा इथं काय संबंध!"

संबंध काहीच नव्हता. पण आमच्या कट्ट्यावर कुठलीही चर्चा तिसऱ्या चहाला शाहू स्टेडियमवर जातेच. मेंबर तरुणपणी गोलकीपर होता. समोर मंगळवार पेठ. शेवटची मिनिटं. लांबून एक मवाळ बॉल आला, एवढा मवाळ की त्याला हात जोडून थांबवला असता तरी थांबला असता, आणि तो मेंबरच्या दोन पायांच्या मधनं आत गेला. मेंबर म्हणतो सूर्य डोळ्यांवर होता. आबा म्हणतात सूर्य पाठीमागं होता, डोळ्यांवर गॅलरीतली एक ओढणी होती. हा वाद हद्दवाढीपेक्षा जुना आहे.

"चोवीस फुटांची हद्द," दाजी शांतपणे म्हणाले, "राखता आली न्हाई. आन् आता म्हणतोय ६६ किलोमीटर पुरंना."

त्यावर शेडमध्ये जो गलका झाला, तो ऐकून पलीकडचा पानवाला छत्री घेऊन बघायला आला.

मेंबर बराच वेळ बोलला नाही. मग त्यानं ठेवणीतलं काढलं. "ठीक आहे. चेष्टा करा. पण पूर आला की काय करणार? जागा कुठाय शहरात? निम्मं शहर पाण्यात जातंय. माणसं हलवायची कुठं? वरच्या अंगालाच की नाही? मग वरची जमीन शहराकडं नको?"

बोलला खरा. पण हा विषय त्यानं दाजींसमोर काढायला नको होता.

दाजींनी तंबाखूची चंची परत खिशात घातली. "हां. आता आलास जाग्यावर. जागा कुठाय म्हणतोस. आपण बसलोय ते काय हाय?"

"मैदान."

"तळं हाय. बघ समोर. कपिलतीर्थ काय हुतं? तळं. आता भाजी मिळती. तू जितं पायांतनं गोल सोडलास ते शाहू स्टेडियम? रावणेश्वराचं तळं. पद्माळा? तळं. पाणी जितं थांबत हुतं तितं तुमी माणसं बसवली, आन् आता म्हणतासा माणसास्नी जागा न्हाई."

"त्यातली काही संस्थानकाळातच बुजली, रोगराईच्या भीतीनं," सर म्हणाले, "त्यामुळं सगळा दोष..."

"सर, तुमचं बरोबर. ती राजानं बुजवली ती लोकांच्या डोळ्यांदेखत. ओढे कुणी बुजवले? जयंती काय, नाला हाय व्हय? कात्यायनीच्या डोंगराकडनं, कळंब्याच्या अंगानं येती. नदी हाय ती. आमच्या गावचं पाणी घिऊन येती. तिला आमी नदी म्हणून पाठवतो, तुमी नाला म्हणून घेतासा."

आता सर थांबेनात. पंचगंगा फुगली की जयंतीचं पाणी नदीला जात नाही, उलट नदीच जयंतीतून शहरात चढते; म्हणून नदीकाठी नसलेली शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, व्हीनस कॉर्नर बुडतात. नदीला येऊन मिळणाऱ्या कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या चारही पश्चिमेच्या घाटाकडून पाणी आणणाऱ्या, पाचवी सरस्वती गुप्त. चौघी एकदम भरून आल्या की खाली नरसोबाच्या वाडीला कृष्णाही भरलेलीच असते, पंचगंगेला पुढं सरकायला जागा राहत नाही. सर हे सगळं एका दमात बोलले. त्यांना बहुधा निवृत्तीनंतर पहिल्यांदाच एवढा सलग तास मिळाला.

"अलमट्टी!" मेंबर ओरडला. "मूळ दुखणं कृष्णेवरचं अलमट्टी धरण आहे. ५१९ मीटर आहे, आता ५२४ करणार म्हणालेत. कर्नाटक आपल्याला बुडवणार!"

"बुडवू दे न बुडवू दे," दाजी म्हणाले, "अलमट्टी आडवी यायच्या आधी तुझ्या मेव्हण्याचं अपार्टमेंट आडवं आलंय. वड्यात. पार्किंगमधी खेकडं घावत्यात."

मेंबरच्या मेव्हण्याचं अपार्टमेंट हा पेठेतला नाजूक विषय. मेंबरची बहीण तिथंच, शाहूपुरीच्या खालच्या अंगाला. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, हायवे बंद, दूध नाही, पेट्रोल नाही, तेव्हा मेंबर बहिणीला आणायला छातीभर पाण्यातून गेला होता. हे त्याचं खरं शौर्य. ते तो कधी सांगत नाही; गोलाची सबब मात्र महिन्यातून दोनदा सांगतो. बहीण, मेव्हणा, दोन पोरं आणि एक पोपट मग कुठं गेले? पेठेत मेंबरच्या घरी आधीच दोन कुटुंबं आलेली. दाजींच्या टेम्पोत बसून पाचगावला गेले. २०२१ ला परत पाणी आलं, तेव्हा त्यांनी कुणाला विचारलंही नाही, पोपटाचा पिंजरा घेऊन थेट दाजींच्या दारात.

"तवा मी हद्द इचारली न्हाई," दाजी म्हणाले. आवाज चढला नव्हता.

कुणी काही बोललं नाही. मग मेंबरच म्हणाला, "ताई अजून म्हणत्यात, वैनींच्या हातची आंबील..."

"म्हणत्यात. आन् टँकरचं पाणी म्हणून नाकं मुरडत्यात ते बी म्हणत्यात. आमच्यात पाण्याची बोंब हाय, खोटं कशाला बोलू. टेकाडावर गाव, पाणी चढत न्हाई. पर टेकाडावर हाय म्हणूनच तुमी आलासा न्हवं?"

पुढचा पाऊण तास कशावर बोललो हे नीट लावता येणार नाही. आबांचं म्हणणं, कोल्हापूर शहरच नाही. शहरात कुठं दिवाळीच्या पाडव्याला म्हशींना मोरपिसं बांधून, शिंगं रंगवून, मोटारसायकलच्या मागं पळवतात काय? आणि म्हस मालकाची हाक ऐकून थांबली नाही तर मालक दोन दिवस घराबाहेर पडत नाही. पिंट्या म्हणाला, पुण्यात हे सांगितलं तर कुणी विश्वास ठेवत नाही. आबा म्हणाले, पुण्यात विश्वास ठेवतात कशावर? मग कुणीतरी प्रत्येकाला मूळ गाव विचारत सुटलं. मेंबरचं भुदरगडाकडचं निघालं, आबांचं राधानगरीकडचं, पानवाल्याचं निपाणीच्या पलीकडचं. खरा शिवाजी पेठेचा म्हणता येईल असा शेवटी कट्ट्याखालचा कुत्रा उरला, आणि तोही मंगळवार पेठेतनं आलाय अशी आबांना शंका आहे.

सरांना मात्र आता चटक लागली होती. "ब्रह्मपुरी," ते म्हणाले. "नदीकाठचं टेकाड. १९४५-४६ ला उत्खनन झालं. रोमन समुद्रदेवाची ब्राँझची मूर्ती मिळाली, टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी रोमपर्यंत व्यापार असलेली वस्ती, आणि ती कुठं? टेकाडावर. नदीच्या शेजारी, पण टेकाडावर."

"बघ," दाजी मेंबरला म्हणाले. "त्या माणसाला कळत हुतं पाणी कुठवर येतंय."

"तेव्हा अलमट्टी नव्हती," मेंबर म्हणाला.

हे मात्र मान्य करायला पाहिजे, हे चांगलं होतं. दाजीसुद्धा हसले. इतके की तंबाखू परत बाहेर आली आणि त्यातली चिमूट मेंबरला मिळाली.

"एकोणचाळीस!" पत्र्याखालून आवाज आला.

"गेलं इशाऱ्यावर. मंगळवारी जत्रा हाय का न्हाई मग?" आबांनी विचारलं.

आणि तिथं हद्दवाढ संपली. कारण आषाढातला मंगळवार म्हणजे टेंबलाई देवीची जत्रा. नदीचं नवं पाणी घागरीत भरायचं, पोरीच्या डोक्यावर द्यायचं, पुढं पी-ढबाकचं वाजप लावायचं आणि सगळ्या गल्लीनं चालत टेकडीवर जाऊन ते पाणी देवीच्या पायरीला घालायचं. शहराच्या सगळ्यात खालच्या जागेवरून वरच्या जागेवर. सर यावर काहीतरी मोठं बोलणार होते, त्यांचं तोंड उघडलंही होतं, पण तोवर वर्गणीचा विषय निघाला.

"गेल्या वर्षीची मेंबरनं दिलेली नाही," पिंट्या म्हणाला.

"तो प्रश्न माझ्या विचाराधीन आहे."

"विचार नगं. मटणवाला उधारी घेत न्हाई."

"पण करायचं कुठं मटण? गल्लीत पाऊस. हॉलवाला भाडं मागालाय. पोरं पन्नास, म्हातारे वेगळे."

सगळ्यांनी एकदम दाजींकडं बघितलं. दाजींच्या शेतावर पत्र्याचं मोठं शेड आहे, चूल मांडलेली आहे, चुलीला वैनी आहेत.

दाजींनी किटल्या उचलल्या, गाडीला अडकवल्या, किक मारायच्या आधी मेंबरकडं वळले. "या की. पर हद्दीभाईरच्या माणसास्नी आत घ्यायचं म्हंजे ग्रामसभेचा ठराव लागतोय. हरकती मागवायला लागत्यात. तीस दिवस."

"मी हरकत घेणार नाही," मेंबर घाईघाईनं म्हणाला.

"तुझी कोण इचारालंय? तुझ्या ताईची पायजे. टँकरचं पाणी चालंल का रश्श्याला, इचार आधी."

मेंबरनं खरंच फोन लावला. पलीकडून ताईंचा आवाज पत्र्यावरच्या पावसातूनही आम्हाला ऐकू आला, "अरे कुठल्याही पाण्याचा चालेल, पण पांढरा आहे ना?"